ड्राइव्ह एन्क्रिप्टेड आहे, पण लॉक आहे का?

नवीन एसएसडीच्या खोक्यावर ‘एईएस २५६-बिट हार्डवेअर एन्क्रिप्शन’ असं ठळक छापलेलं असतं. डेटा किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशा रूपात लिहिला जातो, असा त्याचा अर्थ, आणि ते खोटं नसतं. पण तो ड्राइव्ह लॅपटॉपमध्ये बसवला, विंडोज टाकली आणि विंडोजचं स्वतःचं एन्क्रिप्शन चालू नसताना थेट कामाला लागलात, तर चोराच्या हाती पडल्यावर तो साध्या ड्राइव्हइतकाच उघडा असतो. काढायचा, साध्या यूएसबी डबीत घालायचा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायचा. सगळ्या फायली समोर.

असं का होतं, ते आतलं काम बघितलं की कळतं. सेल्फ-एन्क्रिप्टिंग ड्राइव्ह, म्हणजे एसईडी, स्वतःच्याच रँडम नंबर जनरेटरने एक किल्ली बनवतो. तिला मीडिया एन्क्रिप्शन की, थोडक्यात एमईके म्हणतात. मेमरी चिपवर जाणारा प्रत्येक बाइट कंट्रोलरमधल्या, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपमधल्या, एईएस इंजिनातून जातो आणि वाचताना तिथूनच उलगडून बाहेर येतो. हे बंद करता येत नाही, आणि इंजिन ड्राइव्हच्या पूर्ण वेगाने चालत असल्यामुळे स्पीडही कमी होत नाही. मात्र तुम्ही ड्राइव्हला (विंडोजला नव्हे) पासवर्ड लावलेला नसेल तर वीज मिळताच ड्राइव्ह ही एमईके स्वतःहून वापरायला घेतो आणि मागेल त्याला डेटा देतो. कुलूप भक्कम, पण किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला, असा प्रकार.

पासवर्ड लावला की चित्र बदलतं. पासवर्डपासून दुसरी किल्ली तयार होते आणि तिने एमईके गुंडाळून ठेवली जाते. ड्राइव्हला वीज मिळते तेव्हा तो लॉक असतो. पासवर्ड दिला की दुसरी किल्ली बनते, तिने एमईके उलगडते आणि कंट्रोलरच्या स्वतःच्या मेमरीत बसते. कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ती कधीच येत नाही. वीज गेली की ती पुसली जाते. याचे दोन फायदे आहेत. पासवर्ड बदलायला क्षण लागतो, कारण दोन टीबी डेटा नव्याने लिहायचा नसतो, फक्त एमईके नव्या किल्लीने गुंडाळायची असते. आणि एमईकेच बदलून टाकली तर अख्खा ड्राइव्ह दोन-चार सेकंदांत वाचता न येणारा कचरा होतो. दुसऱ्या मुद्द्याकडे शेवटी परत यायचं आहे.

आता आपल्याकडे याची गरज कुठे पडते? मालवण-गुहागरच्या होमस्टेच्या काउंटरवरचा लॅपटॉप घ्या. त्याच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये चार-पाच सीझनच्या पाहुण्यांची आधार कार्डं पडलेली असतात. तहसील कचेरीबाहेरच्या दस्तलेखकाकडे सातबारे, पॅन, वारसांची नावं. रत्नागिरीतल्या सीएकडे शेकडो लोकांची रिटर्न्स, पतसंस्थेकडे खातेदारांच्या सह्या. हे ड्राइव्ह ऑफिसबाहेर जातात ते चोरीने, दुरुस्तीला, वॉरंटीत नाहीतर भंगारात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर चिखलाने भरलेले सीपीयू ढिगाने बाहेर टाकावे लागले. पाण्यात बुडाला म्हणजे डेटा गेला, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. मेमरी चिप पाण्याने मरत नाही. बोर्डावरचा चिखल आणि क्षार आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफ करून नीट वाळवला की असे बरेच ड्राइव्ह पुन्हा चालू होतात. भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने उचलणाऱ्यालाही ते जमतं.

कायद्याचंही आता आहेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. होमस्टेवाल्याला कोणी २५० कोटी लावणार नाही, हे उघड आहे. पण ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर यापुढे चालणार नाही.

एसईडी फक्त पडून असलेल्या डेटाचं रक्षण करतो, ही त्याची मर्यादा आधी पक्की समजून घ्यावी. लॅपटॉप चालू आहे, तुम्ही पासवर्ड दिलेला आहे, तर ड्राइव्हच्या दृष्टीने सगळं खुलं आहे. रॅन्समवेअर आला, टेबलावर चालू ठेवून तुम्ही चहाला गेलात, नेटवर्कवर फोल्डर शेअर करून ठेवलं, यात एसईडी काहीही करू शकत नाही.

त्यातही सर्वात मोठं भोक स्लीपचं. लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटून बॅगेत टाकायची सवय जवळपास सगळ्यांना असते. नव्या लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावर ड्राइव्हची वीज जाईलच असं नाही. ती चालू असेल तर एमईके कंट्रोलरमध्ये जागी आणि ड्राइव्ह उघडा. रात्रीच्या गाडीतून अशी बॅग गेली तर पुढे फक्त विंडोजच्या पासवर्डचं राखण उरतं. जुन्या पद्धतीच्या स्लीपमध्ये याच्या उलट होतं. ड्राइव्हची वीज जाते, जागं होताना तो लॉक असतो आणि त्याला उघडायचं कोणी, हे ऑपरेटिंग सिस्टिमला माहीत नसेल तर मशीन तिथेच लटकतं. लोक मग वैतागून लॉक काढून टाकतात. उपाय सरळ आहे: पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ ठेवायचं. वीस सेकंद जास्त जातात, पण वीज खरोखर बंद होते.

रीस्टार्टही तसाच फसवा. नुसतं रीस्टार्ट केल्यावर ड्राइव्हची वीज तुटत नाही, त्यामुळे अनेकदा तो उघडाच राहतो आणि पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू करून वाचता येतो. जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये याच्याही पुढचं दाखवलं. पॉवर केबल तशीच जोडलेली ठेवायची आणि डेटा केबल तेवढी काढून दुसऱ्या मशीनला लावायची, ड्राइव्ह उघडाच राहतो. म्हणून ऑफिस बंद करताना शटडाउन. स्क्रीन लॉक करून घरी जाणं म्हणजे लॉक न करता जाणं.

ड्राइव्ह विकत घेताना ‘एईएस’ या अक्षरांवर जाऊ नका. कंपनीच्या तांत्रिक पत्रकात ‘टीसीजी ओपल २.०’ लिहिलेलं आहे का ते बघा. टीसीजी म्हणजे ट्रस्टेड कंप्युटिंग ग्रुप, ज्यांनी ड्राइव्ह लॉक करण्याचे नियम ठरवले, आणि ओपल हे त्या नियमांचं नाव. ‘पायराइट’ असं लिहिलं असेल तर त्यात लॉकची सोय आहे, पण एन्क्रिप्शनची हमी नाही. बँकांच्या सर्व्हरमध्ये ‘एंटरप्राइज’ नावाचा वेगळा प्रकार असतो, तिथे किल्ल्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. तो आपला विषय नाही.

आता ज्यावरून या सगळ्या प्रकाराची पत गेली होती, ते. नोव्हेंबर २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या कार्लो मायर आणि बर्नार्ड व्हान गास्टेल यांनी क्रुशियलचे एमएक्स१००, एमएक्स२००, एमएक्स३०० आणि सॅमसंगचे ८४० इव्हो, ८५० इव्हो, टी३, टी५ हे ड्राइव्ह उघडून तपासले. क्रुशियलच्या पहिल्या दोन मॉडेलांत पासवर्ड आणि एमईके यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, पासवर्ड बरोबर आहे का एवढं बघायचं आणि दार उघडायचं. ती तपासणी करणारा कोड बदलला की कुठलाही पासवर्ड चालायचा. ८४० इव्होमध्ये वेगळीच गंमत. पासवर्ड लावताना गुंडाळलेली एमईके नव्या जागी लिहिली जाते, पण एसएसडी झीज सगळीकडे सारखी वाटून घेण्यासाठी जागा बदलत असल्यामुळे जुनी, न गुंडाळलेली प्रत मागे कुठेतरी राहून जायची.

याचा फटका विंडोजच्या बिटलॉकर या एन्क्रिप्शन सोयीला बसला, कारण ड्राइव्ह ‘मी करतो एन्क्रिप्शन’ म्हणाला की तेव्हाचा बिटलॉकर काम त्याच्यावर सोपवून मोकळा व्हायचा. सप्टेंबर २०१९ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने ते बदललं आणि बिटलॉकर आता आपणहून सॉफ्टवेअरनेच एन्क्रिप्ट करतो. पण त्याआधी चालू केलेल्या मशीनवर जुनीच व्यवस्था कायम आहे. तपासायचं असेल तर अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून मॅनेज-बीडीई ही कमांड स्टेटस पर्यायासह चालवा. ‘एन्क्रिप्शन मेथड’ पुढे ‘हार्डवेअर एन्क्रिप्शन’ आणि टिंबांचा लांबलचक आकडा आला तर काम ड्राइव्ह करतोय. ‘एक्सटीएस-एईएस’ आलं तर विंडोज करतंय. बदलायचं असेल तर ग्रुप पॉलिसीत हार्डवेअर एन्क्रिप्शन बंद करून बिटलॉकर पूर्ण काढून पुन्हा लावावा लागतो. नुसती पॉलिसी बदलून आधीचं काही हलत नाही.

मग एसईडी कशाला घ्यायचा? आमचं स्पष्ट मत असं: होमस्टे, दवाखाना, दस्तलेखक यांनी विंडोज प्रोवर सॉफ्टवेअरचा बिटलॉकर लावावा आणि रिकव्हरी की कागदावर छापून लॅपटॉपपासून लांब ठेवावी. हल्लीच्या प्रोसेसरमध्ये एईएसच्या वेगळ्या सूचना असतात, त्यामुळे रोजच्या कामात फरक जाणवत नाही. एसईडीचा उपयोग त्याच्या जोडीला, आणि मुख्यतः ड्राइव्ह टाकून देताना. ज्यांच्याकडे खरोखर जोखमीचा डेटा आहे आणि लिनक्स चालतं, त्यांनी दोन्ही थर लावावेत. लिनक्सवरच्या क्रिप्टसेटअप या एन्क्रिप्शन साधनाच्या २.७ आवृत्तीपासून ‘एचडब्ल्यू-ओपल’ हा पर्याय आला आहे. त्यात वरचा थर लक्सचा, म्हणजे लिनक्सच्या सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनचा, खालचा ओपलचा, आणि एकाच पासवर्डने दोन्ही उघडतात. फर्मवेअरमध्ये उद्या भोक निघालं तरी वरचा थर शाबूत राहतो. पहिल्यांदा ओपलचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा मागितला जातो. तो रोज लागत नाही, म्हणून हमखास विसरला जातो. तोही लिहून ठेवा.

नुसता ओपल लावायचा असेल तर सेडयुटिल हे मोफत साधन आहे. क्रम असा ठेवा. आधी पूर्ण बॅकअप, दुसऱ्या ड्राइव्हवर. मग ड्राइव्हच्या लेबलवरचा पीएसआयडी हा ३२ अक्षरांचा, ड्राइव्ह कोरा करायला लागणारा क्रमांक मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एम.२ (बोर्डावर थेट बसणाऱ्या चपट्या) ड्राइव्हवर हीटसिंक, म्हणजे उष्णता काढणारी धातूची पट्टी, चिकटवण्याआधीच हे करा. नंतर तो खरवडून काढताना लेबलच फाटतं. आपल्या हवेत दोन पावसाळ्यांनंतर लेबलची शाई पुसट होते, हेही लक्षात असू द्या, ‘बी’ आणि ‘८’ यांतला फरक कळत नाही.

पुढे सेडयुटिलची रेस्क्यू इमेज पेनड्राइव्हवर लिहा. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट बंद करा, कारण ते मान्यताप्राप्त सही नसलेलं काही चालू होऊ देत नाही आणि या इमेजवर तशी सही नसते. पेनड्राइव्हवरून चालू करून ‘स्कॅन’ करा. ड्राइव्हच्या नावाआधी ‘२’ दिसला म्हणजे ओपल २, ‘नो’ दिसलं तर तिथेच थांबा. आधीच बसवलेल्या लिनक्सवरून साटा, म्हणजे जुन्या जोडणीचा, ड्राइव्ह तपासत असाल तर कर्नलला ‘लिबएटीए’चा ‘अलाऊ टीपीएम’ पर्याय १ करून द्यावा लागतो. तो नसेल तर चांगला ओपल ड्राइव्हही ‘नो’ म्हणतो आणि माणूस दुकानदाराशी भांडायला जातो.

त्यानंतर ‘इनिशियल सेटअप’, मग प्री-बूट इमेज ड्राइव्हवर चढवणं. ती किमान १२८ एमबीच्या एका राखीव जागेत बसते, जिला शॅडो एमबीआर म्हणतात. ड्राइव्ह लॉक असताना कॉम्प्युटरला फक्त हीच जागा दिसते, तिथून पासवर्ड मागणारा छोटा प्रोग्रॅम चालतो. इमेज चढायला काही मिनिटं लागतात, मध्ये बंद करू नका. पावसाळ्यात हे काम इन्व्हर्टरवर किंवा भरलेल्या बॅटरीवरच करावं. पहिल्यांदा सोपा चाचणी पासवर्ड ठेवा, मशीन पूर्ण बंद करून दोन-तीन वेळा चालू करा, सगळं सुरळीत असेल तेव्हाच खरा पासवर्ड लावा.

खरा पासवर्ड रोमन अक्षरांतच हवा. प्री-बूटच्या पडद्यावर देवनागरी कीबोर्ड नसतो. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तर लक्षातही राहतात आणि लांबीही मिळते. चार आकडी पिन नको. अनेक ड्राइव्ह ठराविक चुकीच्या प्रयत्नांनंतर अडून बसतात, पण मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा मोजणी सुरू होते. शिवाय फर्मवेअरला बगल देणारा भेटला तर ती मोजणीच उरत नाही, उरते ती फक्त पासवर्डची लांबी.

बायोसमधला ‘हार्ड डिस्क पासवर्ड’ हा याहून सोपा रस्ता आहे, पण त्याच्या दोन खोड्या आहेत. काही लॅपटॉपचं बायोस तुम्ही टाइप केलेला पासवर्ड जसाच्या तसा ड्राइव्हला देत नाही, आधी आपल्या पद्धतीने बदलतं. तो लॅपटॉप विजेने जळला आणि ड्राइव्ह दुसऱ्या कंपनीच्या मशीनमध्ये घातला, तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. दुसरी खोड साटा ड्राइव्हची: त्यात यूजर आणि मास्टर असे दोन पासवर्ड असतात. सुरक्षा पातळी ‘हाय’ असेल तर मास्टरनेही डेटा उघडतो, आणि कारखान्याचा मास्टर पासवर्ड बदलायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. ‘मॅक्सिमम’ असेल तर मास्टरने फक्त ड्राइव्ह पुसता येतो. पातळी कळत नसेल तर मास्टर बदलाच.

जिथे माणूस हजर नसतो, तिथे प्री-बूट लॉक नको. देवगडच्या पॅकहाउसमध्ये हिशेबाचा कॉम्प्युटर चोवीस तास चालू, रात्री दोनला लाइट गेली, यूपीएस संपला, पहाटे लाइट आली. मशीन पासवर्ड मागत सकाळी नऊपर्यंत उभं. ऐन एप्रिलात हे परवडत नाही. अशा ठिकाणी सिस्टिमचा ड्राइव्ह तसाच ठेवून डेटाचा वेगळा ड्राइव्ह लॉक करावा. ओपल २ मध्ये एकाच ड्राइव्हचे किमान आठ स्वतंत्र विभाग करता येतात आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी ठेवता येते. पण छोट्या जागी एवढं सांभाळणारा कोणी नसतो, दुसरा ड्राइव्ह बरा.

दुरुस्तीला देताना ड्राइव्हवर कागद चिकटवा: ‘ओपल लॉक आहे, फॉरमॅट करू नये’. लॉक असलेला ड्राइव्ह दुकानात दुसऱ्या मशीनला लावला तर क्षमता पूर्ण दिसते, आत काही एमबीचा एकच विभाग दिसतो आणि काही लिहायला गेलं की एरर येते. कारागीर ‘डिस्क गेली’ सांगून मोकळा होतो, आणि त्याच्या बाजूने त्याचं बरोबरच असतं. पीएसआयडी माहीत असलेला मात्र ‘रिव्हर्ट’ मारून ड्राइव्ह कोरा करू शकतो. वाचू शकत नाही, पुसू शकतो. स्क्रीन किंवा कीबोर्डचं काम असेल तर ड्राइव्ह काढून घरी ठेवा, चाचणी पेनड्राइव्हवरून होते.

डेटा परत मिळवण्याबाबत भ्रम नको. कंट्रोलर जळला तर मेमरी चिपा उपटून वाचणारे मुंबईतले तज्ज्ञही हात टेकतात, कारण चिपेवर सगळं एन्क्रिप्ट केलेलं असतं. आणि हे तुम्ही पासवर्ड लावला नसला तरी लागू आहे. म्हणून पुरात भिजलेला ड्राइव्ह ‘चालतो का बघू’ म्हणून लगेच जोडू नका. ओल्या बोर्डावर वीज दिली की शॉर्ट होऊन कंट्रोलर जातो, आणि त्याच्यासोबत एमईके.

पोर्टेबल हार्ड डिस्कचं याहून वाईट. काहींमध्ये एन्क्रिप्शन डिस्कमध्ये नसून यूएसबीच्या छोट्या बोर्डवर असतं. खाऱ्या हवेने तो पोर्ट गंजतो, लोक डिस्क बाहेर काढून थेट कॉम्प्युटरला जोडतात आणि ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारलं जातं. पासवर्ड कधी लावलाच नव्हता तरी. अशा वेळी ‘नो’ म्हणायचं आणि तोच बोर्ड दुरुस्त करून घ्यायचा. दुसऱ्याचा चालेलच असं नाही.

शेवटी ड्राइव्ह टाकून देणं किंवा विकणं. इथे एसईडी खरा उपयोगी पडतो. पीएसआयडी रिव्हर्ट केला की एमईके नव्याने तयार होते आणि जुनी जाते. एनव्हीएमई, म्हणजे नव्या वेगवान जोडणीच्या, ड्राइव्हवर फॉरमॅट कमांडमध्ये सिक्युअर इरेजचा पर्याय २ निवडला तरी, ड्राइव्हला तो चालत असेल तर, हेच होतं. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनेही ही पद्धत, म्हणजे क्रिप्टोग्राफिक इरेज, नीट राबवलेली असेल तर मान्य केली आहे. विंडोजच्या साध्या क्विक फॉरमॅटने यातलं काही होत नाही. पुसल्यावर ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून एखादं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून बघा, जुन्या फायलींची नावंसुद्धा दिसता कामा नयेत.

ड्राइव्ह मेलेलाच असेल तर पुसण्याची कमांड घेणार कोण? मरण्यापूर्वी लॉक लावलेलं असेल तर तो निश्चिंत वॉरंटीत पाठवा, बदली ड्राइव्ह घ्या. लॉक नसेल आणि आत लोकांची कागदपत्रं असतील, तर वॉरंटीच्या तीन-चार हजारांवर पाणी सोडा आणि ड्रिलने प्रत्येक मेमरी चिपेतून आरपार भोक पाडा. बोर्डाच्या मधोमध एकच भोक पाडून भागत नाही, चिपा दोन्ही बाजूंना असू शकतात.